ओट्याचा ग्रॅनाइट, मीटरचे आकडे आणि वरच्या मजल्यावरचा मुलगा

पत्र थोडक्यात असं आहे. (मजला, वयं, बारीकसारीक गोष्टी बदलल्यात.)

घोडबंदर रोडला मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये चौदाव्या मजल्यावर राहणारी एक आई, मुलगी साडेचार वर्षांची. बरोबर वरच्या फ्लॅटमधल्या सहा वर्षांच्या मुलाला दिवाळीनंतर ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, निघाला, परळला टाटाला ट्रीटमेंट चालू आहे. तेव्हापासून हिची झोप उडाली. रात्र रात्र मोबाइलवर वाचत बसली आणि त्यात कुठेतरी सापडलं की भिंती, दगड, जमीन यांतून नैसर्गिक रेडिएशन येतं आणि त्याचा लहान मुलांच्या ल्युकेमियाशी संबंध असू शकतो. नवऱ्याने ऑनलाइन गायगर मीटर, म्हणजे रेडिएशन मोजायचं यंत्र, मागवला. ओट्यावर ०.२१, बेडरूममध्ये ०.१६ आणि वाईला माहेरच्या अंगणात ०.१०, सगळं मायक्रोसिव्हर्ट तासाला (सिव्हर्ट हे रेडिएशनच्या डोसचं माप). आता तिला ओटा फोडायचाय, जमलं तर फ्लॅटच विकायचाय. नवरा म्हणतो वेड लागलंय तुला, लोनची अजून चौदा वर्षं आहेत. मुलीची दोन महिन्यांत दोनदा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, करून झाली, दोन्ही नॉर्मल. सकाळी तिला स्कूटीवर पुढे उभं करून शाळेत सोडताना पण डोक्यात हेच चालू असतं.

तीन वाक्यं मात्र जशीच्या तशी देते, पुढे लागणार आहेत. "हे घरात नाही ओढत सिगरेट, गॅलरीतच ओढतात." "मागच्या मे महिन्यात ती घसरगुंडीवरून पडली, दोन-तीन उलट्या झाल्या, गुंगीत होती, तेव्हा डोक्याचा सीटी काढला, तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं." आणि शेवटचं, "वरच्या ताई लिफ्टमध्ये भेटल्या की काय बोलावं कळत नाही, मी आता जिन्यानेच जाते."

अगं, चौदा मजले जिन्याने?

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा फिजिक्सची मास्तरीण म्हणून, बत्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजला शिकवल्यावर आकडा दिसला की हात आपोआप लाल पेनाकडे जातो. दुसऱ्यांदा नुसतंच वाचलं. आधी आकड्यांचं बोलते कारण तू तेच विचारलंयस, बाकीचं नंतर. आणि मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवते.

तुझ्यासारखाच एक मीटर माझ्या भाच्याने आणलाय, मी तो मुद्दाम आठ दिवस मागून घेतला. चहा टाकला, मीटर ओट्यावर ठेवला आणि बघत उभी राहिले. ०.११. मग ०.१९. मग एकदम ०.०८. चहाला उकळी येईपर्यंत ०.१७. ओटा तोच, मी तीच, मीटरही धड. होतं काय, की अणू काही घड्याळ लावून फुटत नाहीत, पावसाचे पहिले टपोरे थेंब पत्र्यावर पडतात ना तसं असतं ते, मधेच तीन एकदम टपटप मग बराच वेळ काहीच नाही. या स्वस्त मीटरच्या नळीत घरातल्या घरात मिनिटाला वीसेक टकटक होतात. वीसचं वर्गमूळ काढ, साडेचारच्या आसपास येतं, म्हणजे मिनिटभराच्या मोजणीत चार-पाच इकडचे तिकडे होणारच, वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक काहीही न बदलता पडतो. दहा मिनिटं मोजलंस तर दोनशे टकटक आणि फरक चौदाचा, सात टक्के. तू किती मिनिटं ठेवला होतास ते पत्रात नाही, आणि ते माहीत नसेल तर ०.२१ आणि ०.१६ वेगळे आहेत की एकच हेही सांगता येत नाही.

शिवाय तो ओट्याला टेकवून ठेवला असशील. दगडातल्या पोटॅशियममधून बीटा कण निघतात, नळीला चिकटवलं की त्यातले काही मोजले जातात आणि आकडा फुगतो, पण अंगात ते काही मिलिमीटरच शिरतात, बोन मॅरोपर्यंत, म्हणजे हाडांतल्या जिथे रक्त तयार होतं त्या मगजापर्यंत, जातच नाहीत. पोरगी काय ओट्यावर झोपत नाही. मोजायचंच असेल तर ती जिथे खेळते तिथे, तिच्या छातीच्या उंचीला, दहा-पंधरा मिनिटं.

दगड कोणता आहे? काळा असेल तर गंमत सांगते. दुकानात ब्लॅक ग्रॅनाइट म्हणून जो विकतात तो भूगर्भवाल्यांच्या हिशोबात बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, डोलेराइट किंवा गॅब्रो असतो, आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाचा चुलतभाऊ, आणि त्यात युरेनियम, थोरियम, पोटॅशियम हे रेडिएशन देणारं कमीच असतं. जास्त असतं ते लाल-गुलाबी खऱ्या ग्रॅनाइटमध्ये. (आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये ओट्याला कडप्पा आहे, तो तर चुनखडीचा दगड, दहा वर्षांत पांढरा पडतो ही त्याची खरी तक्रार.)

आता वाईचं. अंगणात मोजलंस आणि बेडरूमशी तुलना केलीस, म्हणजे बाहेर विरुद्ध आत. घरात चारी बाजूंनी, खालून वरून दगड-सिमेंटच असतं त्यामुळे आत थोडं जास्त येणारच, जगभराची सरासरी घराबाहेर तासाला ५९ नॅनोग्रे (ग्रे हेही रेडिएशनचंच माप) आणि घरात ८४ अशी धरतात. वाईच्या माजघरात, त्या जाड दगडी भिंतीला पाठ लावून मोजून बघायला हवं होतं. आणि वाई काय घोडबंदर काय, दोन्हीकडे पायाखाली तोच बेसॉल्ट, दख्खनचा लाव्हा. तुमच्या टॉवरच्या काँक्रीटमधली खडीही याच भागातल्या काळ्या दगडाची असणार. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइटच्या, म्हणजे थोरियम असलेल्या, वाळूपुढे आपला दगड म्हणजे अगदीच गरीब. पत्रात आणखी एक होतं, तुझा नवरा म्हणाला की उंच मजल्यावर आकाशातून जास्त येतं, ते तत्त्व म्हणून बरोबर आहे, पण समुद्रसपाटीपासून साधारण दीड हजार मीटर वर जावं तेव्हा ते दुपटीच्या आसपास होतं. चौदा मजले म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मीटर. वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला स्ट्रॉबेरी खायला जाता तेव्हा याहून कितीतरी जास्त वर जाता, आणि तेव्हा कोणी मीटर काढत नाही.

एकूण किती असतं ते पण सांगते. जगाची सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट, हे सगळं नैसर्गिक. यातलं निम्म्याहून थोडं जास्त रेडॉन नावाच्या वायूचं, तो जमिनीतून आणि भिंतींतून निघतो आणि श्वासातून आत जातो. भिंती-जमिनीतल्या गॅमा किरणांचे ०.४८, आकाशातले ०.३९, खाण्यापिण्यातले ०.२९. आपल्या स्वतःच्या अंगात पोटॅशियम असतं, त्यापायी मोठ्या माणसाच्या शरीरात सेकंदाला चार हजारांवर अणू फुटतात. रात्री लेक तुझ्या कुशीत शिरून झोपते तेव्हा तूही तिला चिमूटभर रेडिएशन देतच असतेस. शून्य रेडिएशनचं घर मी तुला शोधून देऊ शकत नाही, बिल्डर कितीही गोड बोलला तरी तोही नाही.

रेडॉनचं एवढंच, की तो मुख्यतः फुप्फुसाच्या कॅन्सरशी जोडलेला आहे, बोन मॅरोला त्याचा डोस फार थोडा पोचतो. तो साठतो तळघरात, तळमजल्यावर, थंड देशातल्या बंद घरात. चौदाव्या मजल्यावर जमिनीतला रेडॉन चढून येत नाही, भिंतीतला येतो तो खिडकी उघडली की जातो. रात्रभर एसी लावून दारं-खिडक्या गच्च बंद करत असशील तर सकाळी उठल्या उठल्या स्लायडिंग उघड, अर्धा तास वारा खेळू दे. बस.

मग ते वाचलेलं खोटं होतं का? नाही, आणि इथे मला तुझ्या नवऱ्याचंही ऐकायचं नाहीये. तो म्हणतो वेड लागलंय, पण तू जे वाचलंस त्यावर खरोखरचे लोक खरोखरचा अभ्यास करतायत. २०१३ मध्ये ब्रिटनचा एक मोठा अभ्यास आला, १९८० ते २००६ या काळात कॅन्सर झालेली २७,४४७ मुलं आणि कॅन्सर न झालेली छत्तीस हजारांवर मुलं, जन्माच्या वेळी आई कुठल्या भागात राहत होती त्यावरून त्या भागातला नैसर्गिक गॅमा किती ते काढलं. निघालं असं की दर एक मिलिसिव्हर्ट साठत जाणाऱ्या डोसमागे ल्युकेमियाचा धोका १२ टक्क्यांनी वाढलेला दिसतो, पण ती १२ ची रेघ जाड आहे, ३ पासून २२ पर्यंत काहीही असू शकतं. रेडॉनचा तसा ठाम संबंध दिसला नाही. २०१५ मध्ये स्वित्झर्लंडमध्येही संबंध दिसला, तिथे डोंगराळ भागात बॅकग्राउंड, म्हणजे नैसर्गिक रेडिएशनच, जास्त आहे. २०१७ मध्ये फ्रान्सने तसाच मोठा हिशोब केला, त्यांना काही दिसलं नाही. आणि केरळात कोल्लम जिल्ह्यातलं करुनागप्पल्ली, जिथे समुद्राच्या वाळूत थोरियम आहे आणि काही घरांत आपल्या कितीतरी पट बॅकग्राउंड आहे, तिथे जवळजवळ ७० हजार माणसांवर सरासरी साडेदहा वर्षं लक्ष ठेवलं, कॅन्सर वाढलेला आढळला नाही. हे केरळचं उदाहरण तुला कोणी ना कोणी फेकून मारेल, तर त्याला सांग की तो अभ्यास तीस वर्षांपुढच्या मोठ्या माणसांचा होता, मुलांच्या ल्युकेमियाचं उत्तर त्यातून निघत नाही. वादात आपल्या बाजूचं उदाहरण म्हणून मीही ते वापरू शकले असते, पण ते लबाडीचं होईल.

म्हणजे धोका असू शकतो. किती, हा प्रश्न राहतो, आणि इथे वही घेऊन बस.

धरून चालू की ओटा खरोखर तासाला ०.०५ मायक्रोसिव्हर्ट जादा देतो, आणि तुझी लेक रोज एक तास ओट्याला चिकटून उभी असते, कणीक मागत, मधे मधे करत. वर्षाचे ३६५ तास गुणिले ०.०५, झाले साधारण १८ मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे ०.०१८ मिलिसिव्हर्ट. छातीच्या एका एक्स-रेइतकं. धोका आहे असं म्हणणाऱ्या ब्रिटनच्याच अभ्यासाचे १२ टक्के लावू, ०.२ टक्के येतात. ब्रिटनसारख्या देशात पंधरा वर्षांची होईपर्यंत साधारण दोन हजारांत एका मुलाला ल्युकेमिया होतो. त्या दोन हजारांत एकचे ०.२ टक्के म्हणजे दहा लाखांत एक. वर्षभराच्या ओट्याचा हिशोब हा एवढा, आणि तोही धोका खराच आहे असं धरून.

आता ओटा फोडायला काय लागतं ते तुला ठाऊक आहेच. ब्रेकर आठ दिवस, सगळ्या घरात सिमेंटची आणि दगडाची पूड, ती पूड श्वासात, सोसायटीची एनओसी, खालच्यांची भांडणं, आणि मग नवा ओटा कशाचा, तर बहुतेक क्वार्ट्झ नाहीतर पुन्हा ग्रॅनाइट. नको फोडूस. फ्लॅट विकून कुठे जाणार? डोंबिवलीला, खारघरला, पनवेलला? तीच खडी, तेच सिमेंट, मीटर तेच दाखवणार, वर स्टॅम्प ड्यूटी. वाईला कायमचं गेलीस तर समजा वर्षाला अर्धा मिलिसिव्हर्ट कमी, तेही अंगणात झोपलात तर. त्या बदल्यात मूल जास्त आजारी पडलं की मोठ्या हॉस्पिटलसाठी साताऱ्याला नाहीतर पुण्याला पळा.

आणि त्याच अर्ध्या मिलिसिव्हर्टसाठी जीव टाकणारी तू रोज सकाळी तिला स्कूटीवर पुढे उभं करून कंटेनरच्या रांगेतून घोडबंदर रोडवर नेतेस. हेल्मेट आहे का तिला? मी टोमणा मारत नाहीये. चार वर्षांवरच्या मुलाला हेल्मेट कायद्यानेही लागतं. मी तुझ्या जागी असते तर मीटरच्या पैशात आधी ते घेतलं असतं.

तरी तुझ्या मनात राहणारच की मग बरोबर वरच्याच फ्लॅटमध्ये कसं. एकाच लाइनचे फ्लॅट, तेच प्लॅन, त्याच भिंती. याचं उत्तर थोडं कोरडं आहे. मुलांमधला ल्युकेमिया वर्षाला लाखामागे साधारण तीन ते पाच मुलांना होतो. ठाणे महापालिकेत २०११ च्या जनगणनेलाच १८ लाखांवर माणसं होती, त्यातली पाव तरी मुलं धर. म्हणजे एकट्या ठाणे शहरात दरवर्षी दहा-वीस घरांत ही बातमी येत असणार. त्या प्रत्येक मुलाच्या खाली कोणीतरी राहतं. बाजूला कोणीतरी राहतं. यावेळी खाली तू आहेस. तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एव्हाना कोणीतरी मोबाइल टॉवरचा फोटो टाकला असेल, आमच्याकडे तर त्यावरून दोन एजीएम वाया गेल्या, पण टॉवरच्या लहरी वेगळ्या जातीच्या, अणूतून इलेक्ट्रॉन उडवायची ताकद त्यांच्यात नसते आणि तुझा मीटर त्या मोजतही नाही. दोन्हीला रेडिएशन म्हणतात एवढाच घोळ.

डॉक्टर लोकांना आज जे समजलंय ते असं, की लहान मुलांच्या नेहमीच्या प्रकारच्या ल्युकेमियात पहिला बदल बऱ्याचदा आईच्या पोटात असतानाच पेशीत झालेला असतो, तसा बदल घेऊन जन्मलेल्या बहुतेक मुलांना पुढे काहीच होत नाही, आणि थोड्यांच्यात काही वर्षांनी दुसरा बदल होतो. तो दुसरा का होतो त्यात इन्फेक्शनना शरीर कसं तोंड देतं याचा हात असावा असं मानतात. लहानपणी इतर मुलांत मिसळणं, पाळणाघर, सहा महिने किंवा जास्त अंगावरचं दूध, यांनी धोका थोडा कमी झालेला दिसतो. म्हणून पोरीला घरात कोंडून ठेवू नकोस, खाली वाळूत लोळू दे. हे वाचणाऱ्या दुसऱ्या आयांना, ज्यांची बाळं अजून अंगावर पितात त्यांना, हे कामाचं आहे.

आता ती तीन वाक्यं.

गॅलरीतली सिगरेट. सिगरेटच्या धुरात बेंझिन असतं, ल्युकेमिया करणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी पक्क्या माहीत आहेत त्यातलं ते एक. तंबाखूत पोलोनियम-२१० पण असतं, तोही किरणोत्सर्गीच, म्हणजे तुमच्या घरात ज्याच्यासाठी मीटर आणला त्याची एक पुडी त्याच माणसाच्या खिशात आहे. बाप सिगरेट ओढतो अशा मुलांत ल्युकेमिया थोडा जास्त असं अनेक अभ्यासांत आलंय. स्लायडिंगच्या फटीतून धूर आत येतो, शर्टाला येतो, आणि मग ते तिला कडेवर घेतात. ओट्यापेक्षा इथे हात घाल. पण भांडून नको. 'मला वेड लागलंय म्हणतोस ना, चल माझा ओटा तसाच राहू दे, तुझी सिगरेट सोड' असा सौदा करून बघ, नवऱ्यांना सौदा कळतो. तसंच झुरळांचं. घरात फवारायच्या कीटकनाशकांचा आणि मुलांच्या ल्युकेमियाचा संबंध बरेच अभ्यास एकत्र करून बघितल्यावर दिसलेला आहे, तेव्हा दर तीन महिन्यांनी सगळं घर फवारून घेत असाल तर जेलचे ठिपके लावणारं पेस्ट कंट्रोल सांग, आणि फवारायचंच झालं तर त्या दिवशी लेकीला आजीकडे पाठव.

दुसरं, सीटी. मला वाटतं तुझं खरं पत्र हे आहे, ओटा त्याच्यापुढे उभा केलायस.

मी तुला गोड बोलून फसवणार नाही. सीटी एक्स-रेनेच काढतात, आणि डोक्याच्या एका सीटीत साधारण दोन मिलिसिव्हर्ट जातात, ओट्याच्या वरच्या हिशोबाने शंभरावर वर्षं. युरोपातल्या नऊ देशांत ९ लाख ४८ हजार मुलामुलींच्या सीटीचा हिशोब मांडला, २०२३ मध्ये तो छापून आला. त्यात धोका दिसतो. सीटी काढलेल्या दहा हजार मुलांमागे पुढच्या बारा वर्षांत एका किंवा दोघांना त्या रेडिएशनमुळे रक्ताचा कॅन्सर होईल असा त्यांचा अंदाज आहे. दहा हजारांत एक-दोन. आता ती मे महिन्यातली संध्याकाळ आठव. डोक्यावर पडलेली, दोन-तीन उलट्या, गुंगीत. अशा मुलाच्या डोक्यात रक्तस्राव आहे की नाही हे तासाभरात कळायला लागतं, आणि अशा लक्षणांच्या मुलांत तो निघण्याची शक्यता दहा हजारांत एक-दोनपेक्षा खूप जास्त असते. तुला तेव्हा हे सगळं माहीत असतं तरी तू सीटीच काढला असतास. मीही काढला असता. तुझ्या डॉक्टरांच्या पोरीला झालं असतं तर त्यांनीही.

यापुढे करायचं ते इतकंच. तो रिपोर्ट आणि सीडी तिच्या लसीकरणाच्या फाइलमध्ये ठेव, पुढे कधी कोणी सीटी लिहून दिला तर सांग की एक झालाय, आणि शांतपणे विचार की सोनोग्राफी किंवा एमआरआयने भागेल का, चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही. भागणार नसेल तर सीटी काढ. आणि सर्दी-पोटदुखीला 'एकदा स्कॅन करून घेऊ' असं आपणहून म्हणू नका, ही सवय आपल्याकडे आहे. गरोदर वाचकांसाठी एक ओळ, १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये ॲलिस स्टुअर्ट या डॉक्टरबाईंनी कॅन्सरने गेलेल्या मुलांच्या आयांना प्रश्न विचारले तेव्हा गरोदरपणी पोटाचे एक्स-रे काढलेल्या जास्त निघाल्या, तेव्हापासून जग सावध झालं. आज त्या जागी सोनोग्राफी आहे, तिच्यात हे रेडिएशन नसतं, घाबरायचं नाही.

सीबीसी आता बास. धडधाकट पोरीला दर महिन्याला सुई टोचून पुढच्या महिन्याची खात्री मिळत नाही. डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते लक्षात ठेव. ताप आठ-दहा दिवस उतरतच नाही, चेहरा पांढराफटक पडलाय, न पडता-आपटता अंगावर निळे डाग किंवा लाल बारीक ठिपके, नाकातून हिरड्यांतून रक्त, हाडं दुखतात म्हणून लंगडते किंवा रात्री रडते, मानेत-काखेत गाठी. यातलं काही असेल तर वाट बघायची नाही, तेव्हा सीबीसी लगेच. आणि समजा कधी निघालाच, तर नेहमीच्या प्रकारचा ल्युकेमिया आज बहुतेक मुलांमध्ये बरा होऊ शकतो, मात्र ट्रीटमेंट वेळेत सुरू करून दोन-तीन वर्षं नेटाने पूर्ण करावी लागते. परळच्या टाटाचंच कॅन्सरवरच्या उपचारांचं आणि संशोधनाचं सेंटर खारघरला आहे, तुम्हा लोकांना परळपेक्षा ते सोयीचं पडू शकतं.

राहिलं जिन्याचं.

वरच्या ताईंना तू टाळतेस कारण त्यांना बघितलं की तुझ्या पोटात गोळा येतो, हे मला कळतं. त्यांना काय दिसतं, की खालची बाई आता आपल्याबरोबर लिफ्टमध्येही उभी राहत नाही. कदाचित त्यांना वाटत असेल की रोग लागेल म्हणून घाबरते. हा रोग लागत नाही हे तुला माहीत आहे, त्यांना वाटतं तुला माहीत नाही. काय बोलावं कळत नाही तर काही बोलू नकोस. 'उद्या टाटाला जाताना डबा मी देते, किती वाजता निघता' एवढं विचार. केमो चालू असताना त्या मुलाला शिळं, उघड्यावरचं, कच्चं चालत नाही, त्यामुळे त्याचं त्यांनाच विचार, तू डबा दे त्या दोघांसाठी. त्यांना दुसरं मूल असेल तर त्याला संध्याकाळी दोन तास तुझ्याकडे बोलाव, त्या पोराकडे सध्या कोणाचंच लक्ष नसणार. लेकीला सर्दी-खोकला-ताप असेल त्या दिवशी मात्र वर जायचं नाही, आणि कांजिण्यांची लस झाली आहे का बघून घे, कांजिण्या त्या मुलाला फार महागात पडतील.

आणि नवऱ्याला एक काम सांग, मीटरपेक्षा कामाचं. ल्युकेमियाच्या मुलांना प्लेटलेट्स सारख्या लागतात, आईबाप व्हॉट्सॲपवर मेसेज टाकून टाकून थकतात. एसडीपी म्हणतात त्याला, एका माणसाच्या प्लेटलेट्स मशीनवर काढतात, तास-दीड तास लागतो. त्याचा ब्लड ग्रुप वरच्यांना कळवून ठेवायला सांग, बोलावणं आलं तर आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको, पोटभर जेवून जायचं. एकाच्याने भागत नाही, तुमच्या कॉम्प्लेक्समध्ये शे-दोनशे तरुण माणसं असतील, सेक्रेटरीला धरून एक यादी करा, ग्रुपवार, फोन नंबरसकट.

मीटर फेकू नकोस. माझ्या जुन्या कॉलेजच्या लॅबला हवाय, पोरांना वर्गमूळ शिकवायला बरा पडेल. बॅटरी काढून पाठव.